फलटणीची बरणी

माझी नात मुक्ता परदेशात आहे. औषधशास्त्राची पदवी घेऊन ती आता तिथल्या माजी सैनिकांच्या एका मोठ्या रुग्णालयात वर्षभराची रेसिडेन्सी करते आहे. परीक्षा पास झाल्यावर रुग्णालयातच राबायचं, वरिष्ठांच्या नजरेखाली एकेका वॉर्डाचं औषधपाणी शिकायचं आणि वर्षअखेर त्यांची सही मिळवायची, असा तो प्रकार. फोनवर ती हे मला इतकं समजावून सांगत होती की शेवटी मी म्हटलं, "बाई, हे मीही केलंय. उज्जैनला. आणि तेही माजी सैनिकांच्याच वॉर्डात." तिला वाटलं, आजोबा ठोकून देतायत.

मग तिने विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे चुकीचा फॉर्म असायचा का?" त्यांच्याकडे म्हणे औषधात काही चूक झाली, अगदी होता होता राहिली तरी, एक कागद भरायचा असतो. काय झालं, कसं झालं, तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं, आणि घरच्यांना सांगितलं का. मग सगळे बसून त्यावर बोलतात. कुणी कुणाला ओरडत नाही.

मी म्हटलं, "नव्हता." आणि फोन तिच्या आजीकडे दिला.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडून कंपाउंडरच्या नोकरीतल्या गमती मागितल्या आहेत. गमती आहेत, थोड्या सांगतोही. पण त्यानंतर मी मुक्ताचा तो कागद भरणार आहे. संपादकांना दिवाळीत हे नको असेल तर त्यांनी खुशाल गाळावं.

ग्वाल्हेर संस्थान इंदूरबरोबर नव्या मध्य भारत राज्यात विलीन झालं तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. आमचे पणजोबा शिंदेशाहीत कारकून म्हणून मालव्यात आले, तेव्हापासून आम्ही उज्जैनचेच. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडण झालं की दोन्ही. कंपाउंडरची परीक्षा मी पास झालो आणि मला देवास गेटपासून चालत दहा मिनिटांवरच्या एका रुग्णालयात उमेदवारी मिळाली. वर्षभर तिथेच राहायचं, औषधाच्या खोलीमागे एक खाट. वर्ष संपलं की मुख्य कंपाउंडर दाखल्यावर सही करणार, आणि ती सही असेल तरच नव्या सरकारच्या नोंदवहीत नाव चढणार. ते रुग्णालय आता राहिलेलं नाही. तिथे कुणाची तरी गोदामं आहेत.

मुख्य कंपाउंडर होते अण्णा फणसे. पन्नाशीचे, ठेंगणे, कोटाची सगळी बटणं उन्हाळ्यातही लावणारे. गावात त्यांना कुणी नाडी दाखवायला आलं तर ते म्हणत, "मी डॉक्टर नाही. डॉक्टर चुकला तर पकडायला बसलोय." हे ते गमतीने म्हणत नसत.

आजच्या मुलांना सांगायला हवं की तेव्हा औषध पाकिटात बंद होऊन येत नसे. ते आम्ही करायचो. खलात कुटायचं, तराजूत तोलायचं, मापाच्या ग्लासात ओतायचं. डॉक्टर कागदावर चार औषधांची नावं लिहायचे आणि त्यांचं पातळ मिश्रण, म्हणजे मिक्श्चर, आम्ही बाटलीत भरून द्यायचो. बाटली पेशंटने घरून आणायची. कुणी तेलाची आणे, कुणी अत्तराची. एका महंतांच्या शिष्याने गंगाजलाची आणली होती आणि आत अजून गंगाजल आहे, ते ओतून द्यायचं नाही, त्यातच औषध घाला, असा हट्ट धरून बसला. अण्णांनी त्याला सांगितलं, "महाराज, गंगाजल पहले पी लो, फिर भी ठीक न हुए तो दवाई देंगे." तो तिथेच गटागट पिऊन मोकळा झाला. बाटलीच्या अंगावर कागदाची कात्री मारलेली पट्टी चिकटवायची, म्हणजे एका खाचेपर्यंत एक डोस. आणि लेबलावर लिहायचं, हलवून घ्यावे.

लेबलांची तर मोठीच मजा होती. छापलेली लेबलं संस्थानच्या नावाची. राज्य गेल्यावर त्यावर शाईने काट मारून मध्य भारताचा शिक्का मारायचा हुकूम आला. त्या शिक्क्याची सवय होते न होते तोच पुढे मध्य प्रदेश झाला, मग शिक्क्यावर शिक्का. खोकल्याच्या एका बाटलीवर तीन सरकारं. एक म्हातारा मला म्हणाला होता, "बाबूजी, इसमें से खाँसी किस सरकार के राज में जाएगी?"

पण अण्णांची मुख्य शिकवण निराळी होती. औषधाच्या खोलीला पूर्वेकडे एक खिडकी होती. तयार झालेली प्रत्येक बाटली त्या खिडकीच्या उजेडाला धरायची, उलटी करून तळ बघायचा, आणि मगच द्यायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक प्रयोग करून दाखवला. ताकदीच्या औषधात कुचल्याचं सत्त्व असायचं. कुचला म्हणजे विषच, पण थेंबाच्या हिशोबात भूक वाढवणारं आणि हातापायात जोर आणणारं. अण्णांनी ते एका काचेच्या कुपीत घेतलं, त्यात ब्रोमाइड म्हणजे झोपेचं औषध टाकलं आणि कुपी खिडकीत ठेवून दिली. तेव्हा पाणी अगदी स्वच्छ होतं. तीन-चार दिवसांनी त्यांनी मला बोलावलं.

"उजेडाला धर, गोविंदा. काय दिसतंय?"

तळाला बारीक पांढऱ्या सुया चमकत होत्या. केसापेक्षा बारीक.

"ते सगळं विष आहे," अण्णा म्हणाले. "ही दोन औषधं एकत्र आली की कुचल्याचं सत्त्व असं खाली बसतं. वरचे डोस एकदम फिके. पिणाऱ्याला काही होत नाही, तो खूश. आणि शेवटचा डोस जो पितो ना, तो सगळ्यांचा वाटा पितो. समजला?"

मी म्हटलं, समजलो. आणि खरंच समजलो होतो. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण कागदात एक प्रश्न आहे, तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं.

आता त्या वॉर्डाबद्दल. संस्थानची फौज मोडली तेव्हा धडधाकट माणसं भारताच्या सैन्यात गेली. जी म्हातारी, जायबंदी, दमेकरी होती त्यांना घरी पाठवलं, आणि ज्यांना घरी पाठवण्याजोगंही नव्हतं अशी वीस-बावीस माणसं आमच्या रुग्णालयाच्या मागच्या लांबट खोलीत आणून टाकली. कालपर्यंत त्यांची फलटण होती, निशाण होतं, आज त्यांचा कुणी वाली नव्हता. ग्वाल्हेरहून कागद यायचा की इंदूरला विचारा, इंदूरहून यायचा की ग्वाल्हेरला. त्यांच्यात एक पांडुरंगराव म्हणून मराठा सुभेदार होते, एका पायाने अधू. एकदा ते मला म्हणाले, "कंपाउंडरसाहेब, लढाईत मेलो असतो तर निदान कुणाच्या बाजूनं मेलो ते तरी कळलं असतं."

या सुभेदारांनी वॉर्डात फलटण चालू ठेवली होती. सकाळी गादीच्या घड्या, संध्याकाळी पाचला औषधाची रांग. रांग नोकरीच्या ज्येष्ठतेने. जुना शिपाई पुढे, नवा मागे. औषध वेगवेगळ्या बाटल्यांतून घ्यायला ते तयार नव्हते. त्यांच्याजवळ फलटणीची एक चिनी मातीची मोठी बरणी होती, तपकिरी, बुचाची. पूर्वी तीतून त्यांना रम मिळायची. ताकदीचं औषध ह्याच बरणीत भरून द्या, आम्ही आमच्या हाताने वाटून घेऊ, असा सुभेदारांचा आग्रह. रमचं सोंग तरी राहील, एवढंच त्यांना हवं असावं.

अण्णा आधी नाहीच म्हणाले. बरणीतून उजेड जात नाही, तळ दिसत नाही. शेवटी ती माणसं बघून विरघळले, पण एका अटीवर. बरणीत साधं ताकदीचं मिक्श्चर जाईल, दुसरा एक थेंबही जाणार नाही. दर तीन दिवसांनी रिकामी बरणी यायची, भरून जायची. सुभेदार पितळेच्या मापाने एकेकाला द्यायचे, आणि तिसऱ्या दिवशी बरणी उभी उलटी करून शेवटचा थेंबही मापात निथळून घ्यायचे.

तो शेवटचा थेंब नेहमी भेरूसिंहच्या वाट्याला यायचा. भेरूसिंह बिगुलवाला. चाळिशीचा, पण फौजेत सगळ्यांच्या नंतर आलेला, म्हणून रांगेत शेवटचा. विलीनीकरणात त्याचा बिगुल जमा करून घेतला होता, तेव्हापासून तो मुठीतून फुंकून सूर काढायचा, आणि खरं सांगतो, डोळे मिटले तर फरक कळत नसे. फुप्फुसं खराब होती तरी फुंकायचा. दर सोमवारी त्याची बायको गेंदाबाई गावाहून मक्याच्या रोट्या घेऊन यायची. तो मला एक रोटी खिडकीतून द्यायचा आणि म्हणायचा, "कंपाउंडर साब, थाँ भी म्हारा गाँव की दवाई खई लो."

त्या वर्षी ग्वाल्हेर आणि इंदूर या दोन्ही संस्थानांच्या नोकरांची एकच यादी करायचं काम निघालं. कोण ज्येष्ठ, कोण कनिष्ठ, यावरून कचेऱ्यांत मारामाऱ्या. अण्णांची चोवीस वर्षांची नोकरी यादीत चौदा वर्षांची झाली होती, ती दुरुस्त करायला त्यांना आठ-दहा दिवस ग्वाल्हेरला जावं लागलं. जाताना त्यांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

"बाटली उजेडाला धरल्याशिवाय खिडकीबाहेर गेली तर तुझी छुट्टी करून टाकेन," ते म्हणाले. "आणि काही अडलं तर थांबायचं. औषध एक दिवस उशिरा मिळालं म्हणून कुणी मरत नाही."

त्याच आठवड्यात डॉक्टर बदलले. नवे डॉक्टरसाहेब बदलीवर आलेले, तरुण, हुशार, आणि तीन माणसांचं काम एकटे करणारे. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मला लिहायलाच हवं. वॉर्डात फेरी मारताना त्यांच्या लक्षात आलं की ही माणसं रात्ररात्र जागी असतात. त्यांनी आमच्या हुकुमाच्या वहीत लिहिलं, सैनिक वॉर्डाच्या ताकदीच्या मिक्श्चरमध्ये ब्रोमाइड घालावे.

मी ती ओळ वाचली आणि मला खिडकीतली कुपी आठवली. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी विसरलो होतो. विसरलो नव्हतो. वही घेऊन मी डॉक्टरसाहेबांच्या खोलीत गेलो. बाहेर पेशंटची रीघ, ते कुणाचा तरी गळा तपासत होते. मी म्हटलं, "साहेब, ही दोन औषधं एकत्र द्यावी का? फणसेसाहेब म्हणतात..."

त्यांनी वर न बघताच विचारलं, "यहाँ डॉक्टर कौन है? फणसे या मैं?"

आजूबाजूचे पेशंट हसले. मी वही मिटून परत आलो.

मला दोन वाटा होत्या. दोन औषधं दोन वेगळ्या बाटल्यांत भरायची आणि दोनदा पाजायची, बस्स. त्याला डॉक्टरांची परवानगीसुद्धा लागत नव्हती. नाहीतर अण्णा येईपर्यंत थांबायचं. पण माझ्या दाखल्याला तीन महिने उरले होते, आणि त्यावर फणसेंच्या सहीखाली डॉक्टरांचीही सही लागायची. शिवाय लोक हसले होते, त्याचा रागही होता. आता म्हणतात तसंच करतो, म्हटलं. मी बरणीत ब्रोमाइड घातलं. मनाची समजूत घातली की हलवून दिलं की झालं, सुया वरखाली होतील, सगळ्यांना सारखं जाईल. सुभेदारांना बजावून सांगितलं, "दर वेळी जोरात हलवा हां."

"हो हो," सुभेदार म्हणाले.

ते हलवत होते की नाही हे बघायला मी एकदाही गेलो नाही. नंतर कळलं की हलवत नव्हते. त्या बरणीत त्यांच्या लेखी अजूनही रमच होती, आणि रम कुणी हलवत नाही.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उलट माणसांना झोप लागली म्हणून डॉक्टरसाहेब माझ्यावर खूश झाले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचची रांग संपली आणि भेरूसिंह लंगडत माझ्या खिडकीशी आला. आठवडाभरापूर्वी तो सणाला घरी जाऊन आला होता, तिथे त्याच्या टाचेत खिळा गेला होता. बायकोने शेण आणि राख बांधून त्याला परत पाठवलं होतं. जखम वरवरची, भरत आलेली.

तो म्हणाला, "साब, आज की दवाई घणी कडवी थी."

मी हसून म्हटलं, "कडवी है तो असर करेगी, भेरूसिंह."

एवढंच बोलणं. कुचल्याचं सत्त्व जगातल्या सगळ्यात कडू पदार्थांपैकी आहे. हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे गुणही मिळवले होते.

सहा वाजायच्या आत वॉर्डातून माणूस धावत आला. मी गेलो तेव्हा भेरूसिंह खाटेवर कमानीसारखा वाकला होता, फक्त डोकं आणि टाचा टेकलेल्या. जबडा मिटलेला, ओठ ताणलेले, बघणाऱ्याला वाटावं हसतोय. शुद्ध पूर्ण होती, हेच त्यातलं वाईट. डोळ्यांनी तो सगळं बघत होता. झटका ओसरायचा आणि जरासा आवाज झाला की पुन्हा यायचा. बाहेर टांग्याची घंटा वाजली, झटका. कुणाच्या हातून भांडं पडलं, झटका. सुभेदारांनी खुणेने हुकूम सोडला आणि वीस माणसांनी चपला काढल्या. दमेकरी तोंडावर चादर दाबून खोकू लागले. दोघं रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि टांगेवाल्यांना हात जोडून थांबवू लागले. ती माणसं अनवाणी, मुकाट, भिंतीला पाठ लावून उभी होती, आणि मी त्यांच्यात उभा होतो. मला कळलं होतं. डॉक्टरांच्या कानाशी जाऊन एक वाक्य बोललो असतो तर निदान उपाय तरी त्या दिशेने झाले असते. माणूस वाचला असता की नाही, देव जाणे. मी बोललो नाही.

दिवेलागणीला तो गेला. डॉक्टरसाहेबांनी टाच बघितली, शेणाचा वाळलेला लेप बघितला आणि कागदावर लिहिलं, धनुर्वात. धनुर्वातातही माणूस असाच वाकतो. फरक असतो, पण तो बघायला वेळ आणि संशय दोन्ही लागतात. त्यांच्याकडे पहिला नव्हता, आणि दुसरा माझ्याकडे होता.

वॉर्डाच्या दारात रिकामी बरणी पडली होती, दर तीन दिवसांनी असायची तशीच. ती उचलून मी औषधाच्या खोलीत आणली. आत थोडं पाणी घालून खळबळवलं आणि ते पाणी काचेच्या ग्लासात ओतलं. खिडकीत आता उजेड नव्हता, म्हणून कंदिलासमोर धरलं. सुया चमकत होत्या.

मग मी बरणी धुतली. तीन वेळा, राखेने घासून. हुकुमाच्या वहीला मी हात लावला नाही, एवढी लाज तेव्हाही होती. पण बरणी धुतली.

अण्णा चार दिवसांनी परतले. त्यांची चोवीस वर्षं चोवीसच ठरली होती आणि ते पेढे घेऊन आले होते. आल्या आल्या सवयीने हुकुमाची वही उघडली. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"बरणी कुठाय?"

"धुतली, अण्णा."

"धुण्याआधी उजेडाला धरलंस?"

"धरलं."

"मग?"

त्यांनी पेढ्यांची पुडी टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसून राहिले. कोटाचं वरचं बटण त्यांनी काढलं. त्यांना तसं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. मग उठले आणि मला घेऊन डॉक्टरसाहेबांकडे गेले. दार लावून घेतलं. सगळं सांगितलं. डॉक्टरसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. ते म्हणाले, "कागज जा चुका है, फणसेजी. पैर में जखम थी, गोबर लगा था. अब आप क्या साबित करेंगे? वो बरणी है?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. बरणी होती, कपाटात, लख्ख.

अण्णा वरच्या कचेरीतही गेले. तिथे त्यांना सांगण्यात आलं की सैनिक वॉर्ड महिन्याभरात बंदच होणार आहे, नव्या राज्याची घडी बसते आहे, अशा वेळी हे कशाला. ते परत आले आणि त्यांनी सुभेदारांकडून ती बरणी कायमची मागून घेतली. काही न विचारता सुभेदारांनी ती दिली. त्यानंतर वॉर्डात रांग लागली नाही.

बाराव्या-तेराव्या दिवशी गेंदाबाई नवऱ्याचं सामान न्यायला आली. एक लोटा, एक कांबळं. ते डोक्यावर ठेवून ती माझ्या खिडकीशी आली. अण्णा आत वजन करत होते.

"साब," ती म्हणाली, "गाँव में सब के कि म्हारा गोबर से मर्यो. सासू म्हारा हाथ को पाणी नी पिए. थाँ दवाई वाला हो, थाँ बतई दो. म्हारा हाथ से मर्यो कंई?"

मला फक्त नाही म्हणायचं होतं. एक शब्द. त्याने दाखला गेला असता, नोकरी गेली असती, कदाचित तुरुंगही. तिचं सासर तिला परत मिळालं असतं. मी मान खाली घालून म्हटलं, "डॉक्टर साब ने जो लिखा है, वही है, बाई."

तिने मान हलवली आणि ती गेली. वजन करता करता अण्णांचा हात थांबला होता, हे मी पाठमोरा असूनही ओळखलं.

वर्ष संपलं. अण्णांनी दाखला पुढे ओढला आणि सही केली. मी म्हटलं, "अण्णा, मला वाटलं तुम्ही नाही करणार."

"उमेदवारी पुरी झाली तुझी," ते म्हणाले. "हाताने तू एकदम चांगला कंपाउंडर आहेस. ही चूक तू परत करणार नाहीस. पण त्या बाईशी जे बोललास ना, ते शिकवायचं माझ्या कामात येत नव्हतं." नंतर चार वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं. ते माझ्याशी कामापुरतं नीट बोलत, शिव्याही देत. पण पुन्हा कधी मला गोविंदा म्हणाले नाहीत. गोविंदराव म्हणत.

मी मुख्य कंपाउंडर झालो, पुढे त्याचं नाव फार्मासिस्ट झालं. माझ्या हाताखाली पुष्कळ उमेदवार तयार झाले. प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यात ती कुपी खिडकीत ठेवून दाखवली. शेवटी सांगायचो, "एका रुग्णालयात एकदा असं झालं होतं." कुठल्या, असं कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

निवृत्तीला एक वर्ष असताना, नानाखेड्याच्या बाजूच्या एका लहान दवाखान्यात माझी नेमणूक होती. एका सकाळी एक म्हातारी सात-आठ वर्षांच्या नातीला घेऊन आली. मुलीची टाच पत्र्याने कापली होती. पट्टी बांधणारा त्या दिवशी आला नव्हता, म्हणून मीच जखम धुवायला बसलो. मुलगी पाय झटकू लागली. मी म्हातारीला म्हटलं, "माई, जरा पैर पकडो."

म्हातारी दोन पावलं मागे सरकली आणि तिने दोन्ही हात लुगड्यात दडवले.

मुलगीच म्हणाली, "दादी हाथ नी लगाय. दादी का हाथ से दादाजी मरी गया था."

मी विचारलं, "कौन थे तेरे दादाजी?"

"भेरूसिंह बिगुलवाला."

मी हातातला कापूस खाली ठेवला. मुलीला बाकावर बसवून मी त्या म्हातारीसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बरणी, ब्रोमाइड, शेवटचा डोस, सुया, राखेने घासणं. तुझ्या शेणाने काही झालं नव्हतं, तुझा नवरा माझ्या हातून गेला, आणि तू विचारायला आलीस तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोललो. हे सांगताना मी रडत होतो. पांढऱ्या केसांचा सरकारी माणूस लोकांसमोर रडतोय म्हणून चार जण थबकले होते.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग ती मला समजावल्यासारखं म्हणाली, "थाँ भला मनक हो, साब. इत्ता बरस पछे म्हारो मन राखवा वास्ते के रया हो."

केवळ तिचं मन राखायला मी हे बोलतोय, असं तिला वाटत होतं. मी शपथ घेतली. हुकुमाची वही होती, म्हटलं, पण ती कुठल्या रद्दीत गेली, मलाच ठाऊक नव्हतं. बरणी मीच धुतली होती. माझ्याजवळ तिला दाखवण्याजोगं काहीही नव्हतं. ती नुसती मान हलवत होती, त्या दिवशी खिडकीशी हलवली होती तशीच.

मी पट्टीची गुंडाळी तिच्यापुढे धरली. "आप बाँधो, माई. आपके हाथ से कुछ नहीं होगा."

तिने हात बाहेर काढले नाहीत. मुलीच्या पायाकडे बघून ती म्हणाली, "नी साब, थाँ बाँधी दो. थाँका हाथ में जस हे." जस म्हणजे यश.

मुलगी वाट बघत होती. मी खाली बसलो आणि पट्टी बांधली.